विलायतेतील घर आणि त्याची ऊब

‘घर पाहावे बांधून’ ही आपली म्हण विलायतेत फारशी उपयोगी पडत नाही. तेथील सामान्य गृहस्थ घर बांधीत नाही. दुसऱ्याने बांधलेले आणि तिसऱ्याने वापरलेले घर तो विकत घेतो. ते घर पन्नास वर्षांचे असते, ऐंशी वर्षांचे असते, क्वचित सव्वाशे वर्षांचेही असते. लंडनमध्ये १९३२ साली महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, तेव्हा तेथे जाणारी आपली माणसे बहुधा विद्यार्थी असत व भाड्याच्या खोलीत दोन-तीन वर्षे काढून स्वदेशी परतत. पुढे तेथील रुग्णालयांत डॉक्टर गेले, त्यांच्या मागोमाग इंजिनियर व संगणकाचे जाणकार गेले, आणि आता आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले-मुली तेथे संसार थाटून घर घेण्याच्या विचारात असतात. त्या घरासाठी जी पहिली रक्कम भरावी लागते तीत इकडील वडील मंडळींचा प्रॉव्हिडंट फंड किंवा एखाद्या विकलेल्या जागेचा पैसाही पुष्कळदा असतो. यास्तव हा विषय केवळ तिकडच्या मुलांचा नव्हे, इकडच्या घराचाही आहे, असे आम्ही समजतो.

अशा प्रसंगी दूरध्वनीवरून इकडून जे प्रश्न विचारले जातात ते आम्हांस परिचित आहेत. खोल्या किती, दाराचे तोंड कोणत्या दिशेस, शाळा जवळ आहे काय, आपल्याकडील डाळ-तांदूळ कोठे मिळतो, शेजार कसा आहे. हे सर्व प्रश्न रास्तच आहेत. परंतु हे घर कशाने उबदार राहते, आणि ते साधन आज चालू स्थितीत आहे काय, हा प्रश्न विचारलेला आमच्या तरी ऐकिवात नाही. याचे कारण उघड आहे. आपल्या देशातील घराला तो अवयवच नसतो. आपण घर पारखतो ते ऊन आणि पाऊस डोळ्यांपुढे ठेवून: गच्ची गळते काय, भिंतीला ओल येते काय, उन्हाळ्यात पाणी पुरते काय. आपली डोळस माणसेसुद्धा विलायती घरात शिरली की छत आणि भिंती पाहतात, आणि भिंतीवर टांगलेल्या पांढऱ्या पेटीकडे, ती जणू एखादे कपाट असावे, अशा दृष्टीने पाहून पुढे जातात. त्या पेटीवाचून ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत त्या घरात सुखाने राहता येत नाही.

त्या पेटीचे, म्हणजे बॉयलरचे, कार्य समजून घेण्यास आपल्या तांब्याच्या बंबाइतका उत्तम गुरू नाही. बंबाच्या पोटातून नळकांडे जाते, त्यात निखारे असतात, भोवती पाणी असते. पाणी तापते आणि धूर वरून निघून जातो. विलायती बॉयलर हा निखाऱ्यांऐवजी गॅसच्या ज्योतीवर चालणारा बंबच होय. फरक इतकाच की, त्यातील तापलेले पाणी पंपाच्या साह्याने नळ्यांतून घरभर फिरते, प्रत्येक खोलीत भिंतीलगत बसविलेल्या पोलादी पत्र्याच्या चपट्या पोकळ पेटीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, आपली ऊब टाकते आणि निवून परत बॉयलरकडे येते. हे पाणी नळाला येत नाही. तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते. स्नानाचे पाणी याच बॉयलरवर, पण निराळ्या मार्गाने तापते. तिकडील बहुसंख्य घरांत हीच व्यवस्था असून तीस ‘सेंट्रल हीटिंग’ म्हणतात.

पूर्वी तेथेही प्रत्येक खोलीत कोळशाची शेकोटी असे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धुराचे व धुक्याचे जे विषारी आवरण पसरले त्यात हजारो माणसे दगावली, आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. पुढे उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला, आणि १९६७ ते १९७७ या दशकात घरोघरची गॅसची उपकरणे त्या वायूस योग्य अशी करून घेण्यात आली. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, जुन्या घरात यातील प्रत्येक पिढीचा काही ना काही अवशेष राहिलेला असतो. दिवाणखान्यात बुजविलेले धुराडे, माळ्यावर पाण्याची छोटी टाकी, कपाटात तांब्याचे मोठे पिंप, क्वचित शेगडीमागे दडलेला जुना बॉयलर, अशी ही रचना असते. कोणती वस्तू आज कामात आहे आणि कोणती नुसती राहून गेली आहे, हे विक्रेत्यास स्पष्टपणे विचारावे. त्यास ठाऊक नसेल तर तीही एक माहितीच समजावी.

आता कायद्याकडे वळू. येथील विवेचन इंग्लंड व वेल्स यांपुरते आहे; स्कॉटलंडमध्ये विक्रेत्यानेच घराचा अहवाल करून देण्याची रीत २००८ पासून आहे. इंग्लंडात मात्र वस्तू पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. घर भाड्याने द्यावयाचे असेल तर घरमालकाने गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घेतलीच पाहिजे, असा १९९८ चा नियम आहे. परंतु जो मनुष्य आपल्याच घरात राहतो त्यास असे कोणतेही बंधन नाही. म्हणजे काल आपला मुलगा भाडेकरू होता तोवर त्याच्या डोक्यावरील बॉयलर दरसाल तपासला जात होता. आज तो मालक होण्यासाठी जे घर घेत आहे त्यातील बॉयलरला दहा वर्षांत कोणी हात लावला नसेल, तरी त्यात बेकायदेशीर काहीच नाही. ही गोष्ट ऐकून आम्ही स्वतः चकित झालो.

कर्ज देणारी पेढी आपला मनुष्य पाठविते खरी, पण तो घराची किंमत पाहावयास येतो, प्रकृती नव्हे. त्याहून निराळा सर्व्हेयर आपण पैसे देऊन नेमतो. तो छत, भिंती, ओल हे सर्व बारकाईने पाहतो. परंतु बॉयलर, नळ्या, विजेच्या तारा यांबाबतीत डोळ्यांना दिसेल तेवढेच लिहितो. उपकरणांची परीक्षा तो करीत नाही, आणि जाणत्या कारागिराकडून ती करून घ्यावी, असे एक वाक्य आपल्या अहवालात घालतो. ते वाक्य सर्वच अहवालांत असते म्हणून पुष्कळ लोक ते वाचून पान उलटतात. घराबरोबर अ ते जी अशा इंग्रजी अक्षरांत गुण देणारे उष्णतेच्या खर्चाचे प्रमाणपत्रही मिळते, आणि ते दहा वर्षे चालते. बॉयलर कोणत्या जातीचा आहे, भिंतींत उष्णता धरणारे अस्तर आहे की नाही, हे त्यावरून कळते. पण बॉयलर आज चालतो की नाही, हे त्यावरून कळत नाही. आठ वर्षांपूर्वी दिलेले प्रमाणपत्र पाहून निश्चिंत होणे म्हणजे आठ वर्षांपूर्वीची पत्रिका पाहून आजचा ताप ओळखण्यासारखे आहे.

तेव्हा पहिली परीक्षा आपली आपणच करावी. तिला विद्येची गरज नाही, हात पुरेत. घरांची देवघेव बहुधा वसंतात व उन्हाळ्यात चालते. त्या दिवसांत हीटिंग बंद असते आणि घर आपोआपच ऊबदार व प्रसन्न दिसते. दुसऱ्यांदा घर पाहावयास जाताना, अर्ध्या तासापूर्वी हीटिंग चालू करून ठेवावे अशी विनंती दलालामार्फत आधीच करावी. यात संकोच मानू नये. मग आजीने नातवाच्या कपाळाला हात लावून ताप पाहावा तसा प्रत्येक खोलीतील रेडिएटरला हात लावावा. तो खालून गरम व वरून गार असेल तर आत हवा अडकली आहे; एका लहानशा किल्लीने ती पाच मिनिटांत काढता येते, त्याची चिंता नको. परंतु वरून गरम आणि खाली मध्यभागी गार असेल, तर वर्षानुवर्षे गंजत आलेल्या लोखंडाचा काळा गाळ तळाशी बसला आहे असे समजावे. हा गाळ पंपाला व बॉयलरला खातो, आणि संपूर्ण व्यवस्था धुऊन काढण्यास बराच खर्च येतो. एखादाच रेडिएटर पूर्ण गार असेल तर त्याच्या बाजूची चकती बंद नाही ना, हे आधी पाहावे. विनाकारण घरधन्यास दोष देणे बरे नव्हे. वरच्या मजल्यावरील टोकाच्या खोलीत अवश्य जावे. हीच खोली पुढे आई-वडील राहावयास आले म्हणजे त्यांच्या वाट्याला येते, आणि बहुधा तीच घरात सर्वांत थंड असते.

त्यानंतर बॉयलरपाशी यावे. बाहेर टाकी नसलेल्या आधुनिक बॉयलरवर दाबाचा काटा असतो. पाणी गार असताना तो साधारणतः एक ते दीड बारच्या दरम्यान असावा. तो शून्याकडे झुकला असेल, किंवा ‘अधूनमधून पाणी भरावे लागते’ असे विक्रेता सहज बोलून गेला, तर कोठेतरी पाणी झिरपत आहे. जमिनीच्या काँक्रीटमध्ये नळ्या पुरलेल्या घरांत ही गळती शोधणे मोठे दगदगीचे होते. गरम पाण्याचा नळ सोडून पाहावा. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर बसविताना तो बहुतेक सर्व घरांत ‘कंडेन्सिंग’ जातीचाच असावा लागतो. जाणाऱ्या धुरातील वाफेचीही उष्णता तो वसूल करतो, आणि त्या वाफेचे झालेले पाणी प्लॅस्टिकच्या नळीने बाहेर सोडतो. ही नळी बारीक असून घराबाहेरून लांबवर नेलेली असेल तर कडाक्याच्या थंडीत तिच्यातील पाणी गोठते आणि बॉयलर बंद पडतो. म्हणजे ज्या सकाळी त्याची सर्वाधिक गरज त्याच सकाळी. नळी बाहेरून कोठवर जाते, एवढे पाहणे कोणासही शक्य आहे.

यानंतर जे सांगावयाचे ते मात्र हाताने किंवा नाकाने कळण्यासारखे नाही, आणि या लेखाचे खरे प्रयोजनही तेच आहे. गॅस, कोळसा किंवा लाकूड अपुऱ्या हवेत जळाले म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू उत्पन्न होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी अधिक घट्ट चिकटतो, आणि मनुष्य गुदमरल्याची जाणीवही न होता झोपेतच दगावतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये असे जाणती माणसे सांगत आली, त्याचे कारण हेच. आणि अलीकडे खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर लावल्याने जे मृत्यू घडतात तेही याच वायूने. विलायतेत थंडीमुळे दारे-खिडक्या महिनोन्महिने बंद असतात. नादुरुस्त बॉयलर, पक्ष्यांच्या घरट्याने तुंबलेले धुराडे, किंवा सांधा निसटलेली धुराची नळी असेल तर हा वायू घरात साचतो. डोके दुखणे, मळमळणे, अंगातील शक्ती गेल्यासारखी वाटणे ही त्याची लक्षणे थंडी-पडशासारखीच भासतात. परंतु ती घरातील सर्वांना एकदम होतात आणि बाहेर पडल्यावर कमी होतात, ही खूण लक्षात ठेवावी. ज्योत निळी न राहता पिवळी व लवलवती दिसणे, उपकरणाभोवती काजळीचे डाग असणे, ह्याही धोक्याच्या खुणा होत. मात्र नव्या बॉयलरची ज्योत बाहेरून दिसत नाही, आणि ती उघडून पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तो अधिकार ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्या कारागिरालाच आहे. ही नोंदवही १ एप्रिल २००९ पासून चालू आहे. त्यापूर्वी ‘कॉर्गी’ नावाची संस्था हे काम करीत असे, म्हणून जुन्या कागदांवर ते नाव आढळते. कारागिराजवळ छायाचित्र असलेले ओळखपत्र असते आणि कोणते काम करण्यास तो पात्र आहे हे त्याच्या पाठीमागे लिहिलेले असते; ते उलटून पाहावे. घर घेण्यापूर्वी असा एक मनुष्य पाठवून बॉयलर, धुराची नळी व गॅसची गळती तपासून लेखी अहवाल घ्यावा. त्याचा खर्च घराच्या किमतीपुढे नगण्य आहे. ज्या घरी पुढे सुनेचे बाळंतपण व्हावयाचे आहे, सासूबाई थंडीत चार महिने जाऊन राहणार आहेत, तेथे हा खर्च वाचविणे आम्हांस समजत नाही.

सदनिका घ्यावयाची असेल तर आणखी दोन-तीन गोष्टी विचाराव्या. सुमारे २००० सालानंतर बांधलेल्या काही इमारतींत बॉयलरची धुराची नळी छताच्या आतील पोकळीतून नेलेली असते, ती डोळ्यांना दिसत नाही. अशा नळीच्या तपासणीसाठी छताला झडपा असाव्या लागतात; त्या नसतील तर कारागीर ती व्यवस्था धोक्याची ठरवून मालकाच्या संमतीने बंद करतो, हा प्रघात २०१३ च्या आरंभापासून आहे. काही सदनिकांत गॅसच नसतो. विजेच्या पेटीतील विटा रात्री सवलतीच्या दराने तापतात व दिवसा ऊब सोडतात. रात्रीच्या त्या सात तासांचा दर आजही त्या मीटरवर लागू आहे काय, हे विचारून घ्यावे. नाहीतर ती पेटी स्वस्तात न तापता दिवसाच्या महाग दराने तापते. ज्या इमारतीत एकाच मोठ्या बॉयलरवरून सर्वांना ऊब पुरविली जाते तेथे आपल्या मर्जीने पुरवठादार बदलता येत नाही. मागील दोन वर्षांची बिले मागून पाहावी. जुन्या घरांतील धुराच्या नळ्यांत व वेष्टणांत ॲस्बेस्टॉसही आढळतो. त्याच्या वापरास तेथे १९९९ साली संपूर्ण बंदी झाली. तेव्हा त्याआधीचे काही मोडावयाचे असेल तर स्वतः हातोडी उचलू नये.

या सर्व चौकशीला वेळ कोणता, हे आपल्या मंडळींना ठाऊक नसल्याने घोटाळा होतो. विक्रेत्याने आपली किंमत मान्य केली म्हणजे सौदा झाला असे इकडे वाटते व पेढेही वाटले जातात. परंतु दोन्ही पक्षांच्या सह्यांच्या करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत तिकडे कोणीही बांधलेला नसतो. अदलाबदल झाली की बहुधा दहा टक्के रक्कम अडकते, आणि मागे फिरल्यास ती जाते. तेव्हा किंमत ठरल्यापासून अदलाबदल होईपर्यंतचे जे आठवडे असतात तेच तपासणीचे. त्या अवधीत दोष निघाला तर दुरुस्तीचा अंदाज पुढे ठेवून किंमत कमी करून मागता येते, किंवा विक्रेत्याकडून दुरुस्ती करून घेता येते. दलाल गोड बोलतो व घाई करतो. तो विक्रेत्याचा मनुष्य आहे, आणि स्थळ जमविणाऱ्या मध्यस्थाप्रमाणेच त्याचे चित्त कार्य उरकण्याकडे असते.

याच सुमारास विक्रेता सॉलिसिटरमार्फत एक छापील माहितीपत्रक भरून देतो. हीटिंग कोणत्या प्रकारचे, केव्हा बसविले, चालू स्थितीत आहे काय, शेवटची देखभाल कोणत्या साली झाली, हे प्रश्न त्यात असतात. एप्रिल २००५ नंतर बॉयलर बसविला असेल तर त्याचा दाखलाही मागितला जातो. ‘माहीत नाही’ असे उत्तर आल्यास सॉलिसिटरकडून पुन्हा विचारवावे. दाखला हरवला असेल तर पुष्कळदा विम्याची एक पॉलिसी पुढे केली जाते. ती घेण्यास हरकत नाही. परंतु नियमभंगाबद्दल नगरपालिकेने कारवाई केल्यास येणाऱ्या खर्चापुरतीच ती असते. बॉयलर फुकट गेला तर त्या कागदाने पाणी तापत नाही.

आमच्या वाचकांचे काही आप्त तिकडे चाळीस वर्षे राहून आता घर विकण्याच्या बेतात असतील. त्यांस इतकेच सांगणे की, हे माहितीपत्रक भरताना आठवणीवर विसंबू नये. ‘उत्तम चालते’ असे लिहून ते खोटे ठरल्यास, घर विकल्यानंतरही १९६७ च्या कायद्यान्वये नुकसानभरपाई मागितली जाऊ शकते. घर बाजारात ठेवण्यापूर्वी बॉयलरची देखभाल करून घ्यावी, तिची पावती व बसविल्याचा दाखला एका पाकिटात घालून ठेवावा. हरवलेल्या दाखल्याची नक्कल गॅस सेफ रजिस्टरकडून मिळू शकते. खेड्यातील घर तेलावर तापत असेल तर टाकीत उरलेले तेल घराबरोबर द्यावयाचे की त्याचे निराळे पैसे घ्यावयाचे, हेही यादीत स्पष्ट लिहावे. एवढ्याशा तेलावरून शेवटच्या दिवशी मने कडू झालेली आम्ही ऐकली आहेत.

किल्ल्या हाती आल्या त्या दिवशी कलश-पूजनाच्या गडबडीतही दोन कामे करून घ्यावी. गॅसच्या व विजेच्या मीटरवरील आकडे टिपून ठेवावे, नाहीतर पूर्वीच्या मालकाचे बिल आपल्या माथी येते. आणि बॉयलर असेल त्या खोलीत, तसेच आई-वडील निजतील त्या खोलीत, कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी एकेक घंटी लावावी व तिचे बटण दाबून ती वाजते हे स्वतःच्या कानांनी ऐकावे.